शिरका, व्हाया सायडर

सफरचंदाच्या रसाचे सायडर, म्हणजे रस आंबवून होणारे सौम्य मद्य, करण्यात माणसाने करायचे काम फारच थोडे असते. रस काढावा, त्यात चिमूटभर यीस्ट सोडावे, बरणीच्या तोंडाला आतला वायू बाहेर जाऊ देणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी नळी बसवावी आणि पुढचे काही आठवडे तिच्याकडे ढुंकूनही पाहू नये, एवढाच तो विधी आहे. यातला शेवटचा भाग इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये सहज पार पडतो, असे तिथे नोकरी करणारा माझा भाचा सांगतो. तो एकटा राहतो. पुण्यात, आई, पत्नी आणि अधूनमधून डोकावणारे शेजारी यांच्या सहवासात, एखाद्या बरणीकडे कोणीच लक्ष देऊ नये ही अपेक्षा किण्वनशास्त्राने आमच्यासारख्यांकडून करायला नको होती.

भाच्याने सुट्टीवर येताना ती नळी, यीस्टच्या पुड्या आणि रस पाण्याच्या किती पट दाट आहे, म्हणजेच त्यात साखर किती, हे दाखवणारी हायड्रोमीटर नावाची काचेची कांडी माझ्या हवाली केली, तेव्हा मला प्रथम कायदा आठवला. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू असून त्यानुसार मद्य तयार करायला तर परवाना लागतोच, पण नुसते प्यायलाही लागतो. ही गोष्ट दर शनिवारी निर्धास्तपणे बसणाऱ्या बहुसंख्य मंडळींच्या गावीही नसते. मी मात्र वीज बिलाच्या मागच्या सूचनासुद्धा वाचणारा माणूस असल्यामुळे वरच्या मजल्यावरील निवृत्त वकीलसाहेबांकडे गेलो आणि आपल्याला सायडर नको असून त्याच्या पुढची पायरी, म्हणजे शिरका (व्हिनेगर) हवा आहे, असे सांगितले. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते आणि मग हवेतल्या प्राणवायूच्या जोरावर निराळे जिवाणू त्या अल्कोहोलचे ॲसिटिक आम्ल करतात, त्यामुळे मधली पायरी गाळता येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले.

"म्हणजे सोलापूरला जायचे, पण गाडी दौंडला थांबणार," वकीलसाहेब म्हणाले.

"थांबणारच."

"मग दौंडला उतरू नका. आणि हे मी तुम्हाला लिहून देणार नाही."

एवढ्या अधिकृत नकारानंतर मी कामाला लागलो. हंगाम योग्य होता. काश्मिरी सफरचंदांची आवक दिवाळीच्या सुमारास भरात असते आणि त्यानंतर पुण्यातली थंडीही यीस्टला मानवते. पंधरा ते वीस अंशांत ते सावकाश आणि सभ्यपणे काम करते, उन्हाळ्यात दिले तर घाईघाईने उरकून चव बिघडवते. प्रश्न एवढाच होता की घरगुती साधनांनी लिटरभर रस काढायला दीड-दोन किलो सफरचंदे लागतात आणि मला पाच लिटर रस हवा होता. आपल्याकडे सफरचंद हे मुख्यतः आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायचे फळ आहे. त्यामुळे मंडईत मी दहा किलो मागताच विक्रेत्याचा चेहरा गंभीर झाला आणि त्याने हलक्या आवाजात, "घरात कोण आहे दवाखान्यात?" असे विचारले. डागाळलेली, चेपलेली चालतील, असे मी म्हटल्यावर तर रुग्णाविषयीच्या माझ्या भावनांबद्दल त्याचे मत कायमचे कलुषित झाले.

किसणे, मिक्सरमधून काढणे आणि पंचातून पिळणे यांत एक संपूर्ण रविवार गेला. त्याविषयी अधिक लिहिण्याची माझ्या मनगटांची इच्छा नाही. रस पाहता पाहता गढूळ तपकिरी झाला. हायड्रोमीटरने 1.050 हा आकडा दाखवला. तो उतरून 1.000 वर आला की साडेसहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार झाले असे समजायचे. बरणीला बूच मारू नकोस, असे भाच्याने मला तीनतीनदा बजावले होते, आणि ते रास्तच होते, कारण साखरेच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो आणि पाच लिटर रसातून निघणारा वायू शंभर लिटरच्या वर भरतो. तो वायू त्या नळीतल्या पाण्यातून रात्रभर गुडूक, गुडूक असा आवाज करत जाऊ लागला. पत्नीने आधी नळ तपासले, मग गीझर, आणि शेवटी मला उठवून "अहो, तुमचे पोट ठीक आहे ना?" अशी चौकशी केली.

खरा प्रसंग पुढेच होता. सफरचंदाच्या रसात यीस्टला लागणारी नत्रयुक्त द्रव्ये कमी असतात, आणि उपाशी राहिलेले यीस्ट कधीकधी हायड्रोजन सल्फाइड सोडते. सडक्या अंड्यांना जो वास असतो तो याच वायूचा. आमच्या इमारतीत अंडे येत नाही. तळमजल्यावरची खोली तर "फक्त शाकाहारी" या अटीवर एका विद्यार्थ्याला दिलेली आहे. दारूच्या संशयाला तोंड देण्यासाठी मी शिरक्यावरचे एक छोटे व्याख्यान तयार ठेवले होते, परंतु बरणीवर तो आरोप कोणी केलाच नाही. आईने सकाळी स्वयंपाकघरात पाऊल टाकले, दीर्घ श्वास घेतला आणि "या घरात कोणीतरी अंडी उकडली आहेत," असे जाहीर केले.

तपासाची दिशा अर्थातच खाली वळली. तो मुलगा बिचारा टूथब्रश तोंडात घेऊन दारात आला आणि काहीही विचारण्यापूर्वीच, "आजी, मी ऑम्लेट गाडीवर खातो, खोलीत कधीच नाही," अशी कबुली देऊन मोकळा झाला. आता त्याला वाचवायचे तर बरणी दाखवणे भाग होते. मी आईला यीस्टची उपासमार समजावून सांगितली. तिने ते शांतपणे ऐकून घेतले, झाकणाशी नाक नेले आणि म्हणाली, "अंडे नाही ना? मग असू दे." साडेसहा टक्के अल्कोहोलच्या दिशेने निघालेला पाच लिटर रस आमच्या घरात अशा रीतीने वैध ठरला.

वास काही दिवसांत वायूबरोबर निघून गेला आणि हायड्रोमीटर तळ गाठता झाला. दौंडला मी उतरलो नाही. उतरावेसे वाटले नाही, असे मात्र म्हणणार नाही. उन्हे तापू लागली तशी मी नळी काढली, एका परिचितांकडून आणलेला कच्चा, न गाळलेला शिरका विरजणासारखा त्यात घातला आणि बरणी उघडी ठेवली, कारण शिरक्याच्या जिवाणूंना उलट हवाच लागते आणि ऊबही. उघड्या बरणीची बातमी पुण्यातल्या समस्त चिलटांना त्याच संध्याकाळी लागली. मी जाळी शोधत असताना आईने लोणच्याच्या बरणीचा दादरा काढून आणला, घट्ट बांधला आणि "आता हिला कोणी हात लावायचा नाही" असा हुकूम सोडला. जे भाच्याला, मला आणि कांडीवरच्या आकड्यांना साधले नव्हते, ते त्या वाक्याने साधले. पत्नी बरणीला वळसा घालून जाऊ लागली. पावसाळ्याच्या तोंडावर वर जाडसर, चिवट साय धरली आणि खाली डोळ्यांतून पाणी काढील असा आंबट शिरका तयार झाला.

तेव्हापासून तो आईचा आहे. कोथरूडपासून बिबवेवाडीपर्यंतचे नातेवाईक वाट्या घेऊन विरजणासाठी सायीचा तुकडा न्यायला येतात आणि ती प्रत्येकाला ओला चमचा न घालण्याची शपथ घालते. तळमजल्यावरच्या मुलालाही बाटलीभर शिरका मिळाला. परवा भाच्याचा फोन आला. ब्रिस्टलमधले त्याचे या वर्षीचे सायडर उत्तम उतरल्याचे तो मोठ्या उत्साहाने सांगत होता. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "तुझे ते नळकांडे आधी काढून टाक आणि वर दादरा बांध. तू फार लवकर थांबतोस."

आवाज तुटतो आहे, असे सांगून त्याने फोन ठेवला.