घट्ट चिकटलं म्हणजे झालं का? पार्ल्याच्या सरांना उत्तर

सर, आधी सॉरी, चार दिवस उत्तर राहिलं, आज मेगाब्लॉक म्हणून घरीच आहे तर निवांत टाईप करतेय.

बाकीच्यांसाठी आधी एवढंच, अँटिसेन्स औषध म्हणजे डीएनएसारख्या रासायनिक अक्षरांची छोटी साखळी, ती पेशीतल्या आरएनएवर (जीनचा निरोप नेणाऱ्या प्रतीवर) अक्षराला अक्षर जुळवून चिकटते आणि बरेचदा तो आरएनए मग कापला जातो. आता सरांचे आक्षेप थोडक्यात. एक, अँटिसेन्स औषधांवरच्या लेखात मी औषध आणि आरएनएला कुलूप-किल्ली म्हटलं, ते तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलेल्या माणसाला पटलं नाही. दोन, अक्षरं जुळवूनच चिकटायचंय तर २० वर का थांबता, ४० ची साखळी करा, घट्टही बसेल आणि चुकणारही नाही. पहिलं मान्य, किल्ली लागते किंवा नाही लागत, इथे अर्धवट लागलेली किल्लीसुद्धा दार उघडते. दुसऱ्यावर मात्र भांडणार.

आमच्या लॅबमधलंच सांगते. पीसीआर म्हणजे डीएनएच्या हव्या तेवढ्या भागाच्या प्रती काढायची पद्धत, आणि प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारा प्राइमर म्हणजे साधारण २० अक्षरांचाच तुकडा. नवीन मुलीने ५२ डिग्रीला लावलं, तर जेलवर (तिथे प्रत्येक लांबीच्या तुकड्यांची वेगळी पट्टी दिसते) एका पट्टीच्या जागी चार पट्ट्या, बिचारी रडकुंडीला आली. ६० ला लावलं, एकच पट्टी. प्राइमर तोच, डीएनए तोच, फक्त ५२ ला तो दोन-तीन अक्षरं न जुळणाऱ्या जागांवरही टिकून राहत होता. शरीरात ही सोय नाही ना, ३७ म्हणजे ३७, त्यामुळे किती घट्ट धरायचं ते औषध बनवतानाच ठरवावं लागतं.

आता लांबी. चार अक्षरांतून १६ अक्षरांचे शब्द होतात ४२९ कोटी, आणि आपला जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, ३०० कोटी अक्षरांच्या आसपास, म्हणजे कागदावर १६-१७ अक्षरांत पत्ता पक्का. पण एक अक्षर चुकलेलं चालवून घेतलं की त्याच शब्दाची ४८ भावंडं तयार होतात, दोन चालवली तर आणखी १०८०! लांब साखळी नेमकं हेच चालवून घेते, कारण ४० पैकी मधली १५ जरी भलतीकडे जुळली तरी ती सहज सुटत नाही. आणि आरएनए कापणारं आरएनएज एच हे एन्झाइम काही पूर्ण ४० अक्षरं तपासत बसत नाही, त्याला छोटा जुळलेला पट्टा पुरतो.

तुम्ही पार्ल्याचे, तुम्हाला काय सांगायचं. वांद्र्याला घाईत चुकीच्या गाडीत चढलात, स्लो असेल तर खारला उतरून मोकळे, फास्ट असेल तर पार्लं डोळ्यांसमोरून निघून जातं आणि थेट अंधेरी. औषध चुकीच्या आरएनएवर बसणारच, थोडा वेळ तरी. प्रश्न एवढाच की एन्झाइमने कापायच्या आत ते सुटतं का. एलएनए नावाची केमिस्ट्री प्रत्येक अक्षरामागे पकड सुटायचं तापमान काही डिग्रींनी वाढवते, तर त्यातल्या काही औषधांनी उंदरांच्या लिव्हरची वाट लावली, बरेचदा भलतेच आरएनए कापले गेल्यामुळे. (तुम्ही म्हणाल मग एटेप्लिरसेन नावाचं असंच औषध ३० अक्षरांचं कसं, तर ते कापतच नाही, नुसतं जागा झाकतं.)

तुम्हाला आवडेल असा भाग पुढे आहे. या औषधांच्या कण्यात, म्हणजे अक्षरं जिच्यात ओवलेली असतात त्या दोरीत, ऑक्सिजनच्या जागी सल्फर घालतात, आणि त्याने पकड चक्क थोडी कमी होते! तरी घालतात, कारण नाहीतर रक्तातली एन्झाइम्स तुकडा खाऊन टाकतात, शिवाय सल्फरमुळे तो प्रोटीन्सना चिकटून राहतो आणि लगेच किडनीतून बाहेर पडत नाही. मग गेलेली पकड दोन्ही टोकांना बदललेली साखर लावून भरून काढतात. मिपोमर्सेन नावाचं औषध तसंच होतं, मधे १० अक्षरं डीएनएची, दोन्हीकडे ५-५ बदललेली.

आणि एवढं सगळं जमलं तरी आरएनए काही सरळ दोरीसारखा पडलेला नसतो. घडी घातलेल्या नऊवारीचा जो काठ तुम्हाला हवा तो नेमका आतल्या घडीत. किंवा त्या जागेवर आधीच एखादं प्रोटीन बसलेलं. २०१६ मध्ये मान्यता मिळालेलं न्युसिनर्सेन हे औषध १८ अक्षरांचं आहे, ते एसएमएन२ या जीनच्या आरएनएमधल्या सातव्या इंट्रॉनवर (एरवी कापून टाकल्या जाणाऱ्या भागावर) बसून प्रोटीनला तिथून उठवतं. ती जागा गणिताने नाही सापडली, लोकांनी तुकडे थोडे थोडे सरकवत एकेक करून बघितले.

पुढच्या वेळी लॅबमधून त्या जेलचा फोटो टाकते, ५२ वाली लेन बघा आणि मग ४० अक्षरांचं बोला.