नोकियाच्या अश्रूंचा तो मेसेज पुढे ढकलण्याआधी

‘कोडॅकने डिजिटलकडे ढुंकून पाहिलं नाही आणि संपली. नोकियाचा प्रमुख रडत म्हणाला, आमचं काहीच चुकलं नाही, तरी हरलो. उबरकडे एक गाडी नाही, तरी टॅक्सीत तीच मोठी. जुना धंदा सोडा, नव्यात उडी घ्या.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. परवा माझ्या मावसभावाने तो भागीदारांच्या बैठकीत वाचला आणि चालत्या मालाच्या सुधारणेचं बजेट कापायचा विषय काढला. आता बोलायलाच हवं.

सगळ्यात घातक भाग नोकियाचा. काहीच चुकलं नाही? त्याच प्रमुखाने, म्हणजे स्टीफन इलॉप यांनी, फेब्रुवारी 2011 मध्ये कर्मचाऱ्यांना लिहिलेलं पत्र जगजाहीर आहे. आपण मागे पडलो, मोठे बदल हातचे घालवले, आगीत तेल आपणच ओतलं, असा त्याचा सूर आहे. पुढे 2016 मध्ये तिमो वुओरी आणि क्वी हुई या संशोधकांचा नोकियावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्यांनी अधिकारी, इंजिनिअर अशा 76 जणांच्या मुलाखती घेतल्या होत्या. निष्कर्ष काय? वरच्यांना स्पर्धकांची आणि शेअरधारकांची धास्ती, मधल्या फळीला वरच्यांची. नोकियाच्या फोनमधल्या सिम्बियन या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम कुठे अडलंय हे खाली ठाऊक होतं, वर मात्र गुलाबी चित्र जात होतं. ‘काहीच चुकलं नाही’ म्हटलं की कोणी काय दडपलं हे विचारायची गरजच उरत नाही. म्हणून हा मेसेज मला घातक वाटतो.

नोकियाला उशीर झाला, हे मान्य. 2014 मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला, तेही खरं. पण कंपनी बुडाली नाही, ती आजही नेटवर्कची यंत्रणा विकते.

कोडॅकचं तर साफ उलटं सांगितलंय. 1975 मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला तो कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन यांनी. 2005 मध्ये अमेरिकेत डिजिटल कॅमेरे विकण्यात कोडॅक पहिली होती. उडी घेतली होती की! कॅमेऱ्याच्या फिल्मवर सुटायचा तेवढा पैसा कॅमेऱ्यांवर सुटेना, मग फोनने कॅमेरेच गिळले, आणि जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. कोडॅकची स्पर्धक फुजीफिल्म, तिचाही फिल्मचा धंदा आटलाच. तिने फिल्मचंच रसायनशास्त्र एलसीडी पडद्यांच्या फिल्मकडे आणि सौंदर्यप्रसाधनांकडे वळवलं. जुनं ज्ञान टाकून दिलं नाही.

राहिली उबर. स्थापना 2009 ची, चालू धंद्यातून वर्षभराचा पहिला नफा 2023 मध्ये. तोवरचा तोटा गुंतवणूकदारांनी सोसला. बजेट कापण्याआधी भावाने भागीदारांना विचारावं, एवढी वर्षं खिशातून घालायला कोण तयार आहे?