तिरक्या टिंबाचा कायदा

नोकरी सांभाळून, चाळिशी उलटल्यावर, सकाळच्या बॅचला एलएलबी करणाऱ्याला कायदा फारसा छळत नाही. छळतात त्या तळटिपा. मूट कोर्टच्या, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्याच्या, मेमोरियलमध्ये (लेखी युक्तिवादात) घटनेच्या मूलभूत संरचनेवर मी जीव ओतून लिहिलं होतं. सरांनी त्यातलं अक्षर वाचलं नाही. नजर थेट पानाच्या तळाशी. लाल पेनचं टोपण निघालं आणि प्रश्न आला, "केशवानंद भारतीला कंस कुठाय?"

आता हा निकाल काय साधासुधा आहे? २४ एप्रिल १९७३, १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६. संसदेलाही घटनेचा पाया उखडता येणार नाही, असं ठणकावून सांगणारा. पण तो छापलाय तीन निकालसंग्रहांत, म्हणून त्याचे पत्ते तीन. नागपूरच्या एआयआरमध्ये तो 'एआयआर १९७३ एससी १४६१'. लखनौच्या एससीसीमध्ये '(१९७३) ४ एससीसी २२५'. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचं स्वतःचं एससीआर आहेच. एकीकडे वर्ष उघडंबोडकं, दुसरीकडे कंसात. मधला ४ म्हणजे खंड. एससीसीचे वर्षाला अनेक खंड निघतात. तो गाळलात की २२५ व्या पानावर मूलभूत संरचनेऐवजी कुणा घरमालकाचं भाडेकरूशी भांडण निघायचं.

हे एकवेळ पाठ होतं. खरा जाच टिंबांचा. संदर्भ लिहिण्याच्या ऑक्सफर्डच्या ऑस्कोला पद्धतीला टिंबांचा तिटकारा. वादी-प्रतिवादींच्या मधल्या 'व्ही'लासुद्धा टिंब नको. अमेरिकेतलं ब्लूबुक १९२६ पासूनचं, त्याला टिंब हवंच. इतकं हवं, की 'आयडी' (म्हणजे 'वरचाच संदर्भ') तिरक्या अक्षरांत लिहून पुढे दिलेलं टिंबही तिरकंच पाहिजे. तिरकं टिंब! मी भिंग घेऊन पाहिलं. सरळ टिंब आणि तिरकं टिंब शेजारी ठेवून बायकोला विचारलं. तिने माझ्याकडेच निरखून पाहिलं. सरांना मात्र फरक दिसतो म्हणे. एका स्पर्धेला ऑस्कोला लागतं, दुसरीला ब्लूबुक, आणि अंतर्गत गुणांसाठी सरांना जे आवडतं ते.

'इबिड' हा आणखी एक दगाबाज. वरच्या तळटिपेतलाच संदर्भ, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या टीममधल्या एका उत्साही मुलीने रात्री मधेच मनेका गांधी खटल्याची तळटीप घुसवली. तिच्याखालच्या तमाम इबिडांनी तत्क्षणी पक्षांतर केलं. सकाळी आमच्या मेमोरियलनुसार मूलभूत संरचनेचा सिद्धांत मनेका गांधी खटल्यात, १९७८ साली जन्माला आला होता.

माझं मत विचाराल तर समोरच्या वकिलाला तेच पान उघडता आलं की सायटेशनचं, म्हणजे निकालाच्या पत्त्याचं, काम झालं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'माटा विरुद्ध अ‍ॅव्हिआंका' खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टात दिले. वर्ष, खंड, पान, सगळं दिसायला ठाकठीक. फक्त ते निकाल कधी लागलेच नव्हते. कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. आमच्या सरांकडून सुटले असते.

त्याच वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूट्रल सायटेशन आणलं. वर्ष, 'आयएनएससी' (म्हणजे भारताचं सर्वोच्च न्यायालय), क्रमांक. बस्स! प्रकाशक नाही, खंड नाही, कंस नाही. जुन्या निकालांनाही असे क्रमांक मिळाले. मी हर्षभराने सरांना सांगायला गेलो, की आता तीन-तीन पत्त्यांची कटकट मिटली.

"उत्तम," सर म्हणाले. "त्या तिघांच्या पुढे तोही लिहीत जा."