मेटॅलिका आवडते असं एकदम सांगू नये

"मेटॅलिका आवडते का?" असं कुणी विचारलं तर 'हो' म्हणायचं नाही. नवशिके तिथेच फसतात. आधी हातातला चहा खाली ठेवावा. कुणी जवळचं गेल्यासारखं थोडा वेळ खिडकीबाहेर पाहावं. मग शांतपणे विचारावं, "कुठली मेटॅलिका?"

निम्मं काम इथेच झालं. समोरचा परीक्षेला बसला आणि तुम्ही पेपर तपासणारे झालात.

आता मेटॅलिका हा अमेरिकन हेवी मेटल बँड तसा एकच आहे. लार्स अल्रिक हा डेन्मार्कच्या एका टेनिसपटूचा मुलगा. १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये त्यानं पेपरात जाहिरात दिली, त्यातून त्याला जेम्स हेटफिल्ड भेटला, आणि तेव्हापासून आजतागायत एक ड्रम बडवतोय आणि दुसरा गिटार घेऊन गातोय. पण हा तपशील तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला एकच गोष्ट ठरवायची आहे : बँड बिघडला कधी? ते साल एकदा पक्कं केलं की बाकीची मतं आपोआप सुचतात. मिसळीचं दुकान कधी बिघडलं हे जसं प्रत्येकाचं ठरलेलं असतं, तसंच हे.

सर्वात स्वस्त साल १९९१. त्या वर्षी बॉब रॉक नावाच्या निर्मात्याला हाताशी धरून त्यांनी तो काळा अल्बम काढला. गाणी आखूड झाली, वेग उतरला, आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या दीड कोटीहून जास्त प्रती खपल्या. इतक्या लोकांना आवडलं म्हणजे त्यात काहीतरी खोट असणारच, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. पण हे साल निवडू नका. तिथे फार गर्दी आहे. 'नथिंग एल्स मॅटर्स' माझ्या आईलाही आवडतं, आणि १९९१ साली बँड बिघडला हे माझ्या मेव्हण्यालाही माहीत आहे. अशा सालाला काय किंमत?

१९८६ हे भारदस्त साल. २७ सप्टेंबरच्या पहाटे स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. आदल्या रात्री बसमध्ये कोण कुठे झोपणार यासाठी पत्ते काढले, त्याला इस्पिकचा एक्का आला आणि त्यानं बँडच्या गिटारवाल्या कर्क हॅमेटची जागा घेतली. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय आणि अजून प्रत्येक वेळी गप्प होतो, त्यामुळे इथे थट्टा करत नाही. फक्त एवढंच सांगतो की "क्लिफ गेला तिथे मेटॅलिका संपली" या वाक्याला उत्तर नाही. त्यावर वाद घालणारा माणूस निर्दयी दिसतो. तुमच्या पथ्यावर पडेल.

त्याच्याही मागे जाता येतं. १९८४ च्या अल्बमवर 'फेड टू ब्लॅक' या गाण्याची सुरुवात संथ, साध्या गिटारनं होते. एवढ्यावरून तेव्हाच्या थ्रॅशवाल्यांनी, म्हणजे सुसाट वेगाच्या मेटलच्या चाहत्यांनी, "विकले गेले" म्हणून बोंब ठोकली होती. पहिला अल्बम येऊन जेमतेम वर्ष झालं होतं हो! म्हणजे १९८४ धरलंत तर तुम्ही एकदम अभ्यासू. १९८३ धरलंत तर काय विचारता! त्या एप्रिलमध्ये बँडमधल्या गिटारवाल्या डेव्ह मस्टेनला दारूपायी काढून टाकलं आणि न्यूयॉर्कहून थेट कॅलिफोर्नियाच्या बसमध्ये बसवून दिलं. चार दिवसांचा प्रवास. आपल्याकडे एसटीत कोंबून 'पोचल्यावर कळव' म्हणतात ना, तसं. त्यानं पुढे मेगाडेथ काढला. "खरी मेटॅलिका म्हणजे मेगाडेथच" असं म्हणणारे लोक असतात आणि त्यांना लोक बसायला खुर्ची देतात. अगदी टोकाला जायचं असेल तर "१९८२ च्या डेमो कॅसेटनंतर मी ऐकणं सोडलं" म्हणा. त्याच्या मागे मात्र जागा नाही. १९८१ पूर्वी बँडच नव्हता. तेव्हा तो सगळ्यात निर्दोष होता, असं एक मत सांगून बघायला हरकत नाही.

साल ठरलं की एक तांत्रिक तक्रार हवी. ही नीट पाठ करा, कारण मैफल हिच्यावरच मारतात. १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल'. क्लिफच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, त्यानं जीव तोडून बेस वाजवला आणि मिक्सिंगमध्ये तो असा दाबला की कान लावूनही सापडू नये. लग्नाच्या पत्रिकेत नाव आहे, पण फोटोत नाही. पुढे काही चाहत्यांनी घरबसल्या बेस वाढवून आपापली आवृत्ती तयार केली. तीही ऐकून झाली की म्हणायचं, "छे, मूळचीच बरी होती. तो कोरडेपणा गेला."

या अल्बमबद्दल बोलताना हवेत बोटं हलवावीत. बेसची चार तारांची बोटं गिटारच्या बोटांपेक्षा सावकाश हलतात, हे लक्षात ठेवा. आमच्या ओळखीचा एक गृहस्थ घाईत गिटारची हलवून गेला. त्यानंतर त्याचं मत कुणी मनावर घेतलं नाही.

नंतर केसांचा विषय येतो. १९९६ साली चौघांनी केस कापले आणि 'लोड' नावाचा अल्बम काढला. मुखपृष्ठावर काय आहे ते घरातल्या मोठ्यांसमोर विचारू नका. हे केस कापणं हा विश्वासघात होता असं आपलं मत असलं पाहिजे. लार्सच्या डोक्याचं लार्सनं काय करावं हा प्रश्न इथे गैरलागू आहे. माझ्या परिचयातल्या ज्या लोकांना ती गोष्ट अजून माफ करता आलेली नाही, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या डोक्यावर आता कापायलाही काही नाही. असो. १९९६ साली माझी दहावी झाली होती. मार्क बरे पडले म्हणून मिळालेल्या पैशांतून मी आयुष्यातली पहिली नवीकोरी कॅसेट घेतली, ती 'लोड'ची. दुकानातून घरी येईपर्यंत सायकल चालवत दातांनी तिचं प्लास्टिक सोडवलं होतं. ऐंशी मिनिटांना एक कमी, एवढी लांब. तिच्यातलं 'ब्लीडिंग मी' हे गाणं चांगलं आहे. म्हणजे वाईट नाही. हे चारचौघांत माझ्या नावावर खपवू नका.

नीतिमत्तेचं मतही एखादं हवं. त्यासाठी सन २००० आहे. नॅपस्टर या इंटरनेटवरच्या सेवेतून गाणी फुकट वाटली जातात म्हणून मेटॅलिकानं खटला भरला आणि मे महिन्यात लार्स स्वतः तीन लाखांहून जास्त वापरकर्त्यांची नावं छापून, तेरा खोक्यांत भरून, नॅपस्टरच्या दारात घेऊन गेला. याचा संताप यायलाच हवा. हाच बँड एकेकाळी हातोहात कॉपी झालेल्या कॅसेटींमुळे जगाला माहीत झाला होता, हा मुद्दा मांडताना आवाज चढवा. फक्त त्या वेळी तुमच्या टेबलाच्या खणात 'रॉक हिट्स, १२० गाणी, रु. ५०' लिहिलेली एक एमपीथ्री सीडी होती, ती बोलण्याच्या ओघात बाहेर काढू नका.

२००३ च्या 'सेंट अँगर'बद्दल जास्त कष्ट नाहीत. एकही गिटार सोलो नाही, आणि लार्सनं स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल ठेवल्यामुळे पंचाहत्तर मिनिटं कुणीतरी गोडेतेलाचा रिकामा डबा बडवतंय असं वाटतं. इथे सगळ्यांचं एकमत होतं, म्हणून फार वेळ थांबू नये. मला यात एकच गंमत वाटते. गणपतीत डोक्याशी ताशा वाजत असताना 'वा, काय तर्री!' म्हणणारे आम्ही पुण्याचे लोक. त्या डब्यानं आमचे नाजूक कान दुखतात.

२००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'बद्दल "आवाज फार दाबून मोठा केलाय" एवढं म्हणा. "गिटार हीरो या खेळात तीच गाणी जास्त स्वच्छ ऐकू येतात" हे खरं आहे आणि ते तुम्ही सांगितलंत की शेजारचा वही काढतो. शेवटची पायरी म्हणजे २०११ साली लू रीड या जुन्या रॉक गायकाबरोबर केलेला 'लुलू' अल्बम. तो आवडतो असं सांगणं हे सिद्ध पुरुषांचं काम. गायक डेव्हिड बोवीनं त्याला लू रीडची सर्वोत्तम कामगिरी म्हटलं होतं, असं लू रीडच्या पत्नीनं सांगितलंय. एवढा आधार पुरतो. पण ही पायरी लग्न जमल्यावरच चढावी.

नव्यांशी कसं वागावं हेही सांगायला हवं. २०२२ साली 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेत एक पोरगा छपरावर उभा राहून 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजवतो, आणि ते साडेआठ मिनिटांचं, १९८६ चं गाणं जगभरच्या पोराटोरांच्या फोनमध्ये जाऊन बसलं. आपल्यावर दरोडा पडला. खुद्द बँडनं 'सगळ्यांचं स्वागत आहे' असं म्हणून आपली बाजू आणखीच कमकुवत केली. तरी खचू नका. काळा टी-शर्ट घातलेला कुणी लहान दिसला की त्याला थांबवून तीन गाणी विचारा. मी माझ्या भाच्याला विचारली. त्यानं अकरा सांगितली, शिवाय 'ओरायन'मधला बेस कुठे सुरू होतो तेही सांगितलं. मी म्हटलं, "ते सगळं ठीक रे, पण शहाऐंशीला हे पहिल्यांदा ऐकताना जे वाटलं ते तुम्हाला नाही कळायचं." तो म्हणाला, "मामा, शहाऐंशीला तू पहिलीत होतास."

भाच्यांशी संगीतावर बोलू नये.

राहिली प्रत्यक्ष कार्यक्रमाची गोष्ट. मेटॅलिका भारतात आली ती २०११ च्या ऑक्टोबरात. २८ तारखेचा गुडगावचा कार्यक्रम लोकांनी कठडे मोडल्यामुळे झालाच नाही. भाऊबीजेच्या ताटासमोर बसल्या बसल्या आम्हाला ती बातमी कळली. ३० तारखेचा बंगळुरूचा मात्र झाला. पॅलेस ग्राउंड्सवर 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' या काउबॉयच्या सिनेमातलं ते संगीतकार मोरिकोनेचं संगीत सुरू झालं, जे १९८३ पासून यांच्या आधी वाजतं, आणि हजारो माणसं एकदम ओरडली. अशा जागी ओरडायला परवानगी आहे. मात्र बाहेर पडताच "साउंड तितका बरा नव्हता" असं म्हणून हिशेब पुरा करावा. आमच्यातला एक शहाऐंशीवाला होता. क्लिफनंतरचं एक अक्षर कानावर घेणार नाही, अशी त्याची शपथ. 'नथिंग एल्स मॅटर्स' लागलं तेव्हा तो दोन्ही हात वर करून, डोळे मिटून, शेवटच्या ओळीपर्यंत गात होता आणि त्याचा चेहरा ओला होता. मी विचारलं तर म्हणाला, "घाम आहे." ऑक्टोबर संपत आला होता आणि हवा चांगली गार होती.

पण कार्यक्रमापेक्षा जाताना सांभाळा. आम्ही पुण्याहून उद्यान एक्स्प्रेसनं निघालो होतो, चौघं, चार काळे टी-शर्ट, आणि पिशवीत घरोघरचा फराळ. समोरच्या बर्थवर एक आजी होत्या, लेकीकडे बंगळुरूला निघालेल्या. त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं.

"ऐन दिवाळीत काळं घालून कुठं रे निघालात बाळांनो?"

गाण्याच्या कार्यक्रमाला, असं सांगितलं. "भजन?" म्हणाल्या. नाही म्हटल्यावर त्यांनी पुढे विचारलं नाही, आणि आम्ही आपल्या वादाला लागलो. कुर्डूवाडीपर्यंत जेसनचा बेस झाला. सोलापूर येईतो केस झाले. शहाऐंशीवाला म्हणाला की सगळे विकले गेलेत. ब्लॅक अल्बमवाला म्हणाला, विकले गेलेत, पण निदान तोवर बरं होतं. तिसऱ्यानं लार्सला ड्रमच वाजवता येत नाही हे ताटलीवर वाजवून दाखवलं. मी 'लोड'बद्दल सगळ्यांच्या आधी वाईट बोललो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

आजी ऐकत होत्या. त्यांनी त्यांच्याकडचा डबा उघडला, आमच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "वय काय रे त्या लोकांचं?"

"अठ्ठेचाळीस-पन्नास."

"म्हणजे आमच्या जावयांएवढे. आणि केस कापले म्हणून तुम्ही पंधरा वर्षं रुसलायत?"

"तसं नाही, आजी."

"बरं. म्हणजे त्यांचं आता गाणं चांगलं नाही, वाजवणं चांगलं नाही, पैशाला हावरे आहेत."

"हो."

"तिकीट केवढ्याचं?"

आम्ही सांगितलं.

"आणि मग एवढ्या लांब कशाला चाललायत?"

असा प्रश्न आला की चकली घ्यावी. एकदम दोन घ्याव्यात, म्हणजे तोंड भरलेलं राहतं.