फोन गेटवर ठेवा, रेंज गावाला द्या

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. ताडोब्याच्या बफरमध्ये, म्हणजे गाभा जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, सकाळची सफारी. बांबूच्या बेटातून चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, आला तशी गाईडने हात वर केला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. दहा-बारा मिनिटं कुणी हललं नाही. मग वाघीण आली आणि पाठमोरी होत, मागचे पाय आधी पाण्यात घालत, पाणवठ्यात बसली. डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून वाघ असे उलटे शिरतात, हे मी तोवर फक्त वाचलं होतं.

शेजारच्या जिप्सीतले एक गृहस्थ ड्रायव्हरला म्हणाले, "दादा, अजून थोडी जवळ घ्या ना. मोबाइलमध्ये फार छोटी दिसतेय."

"सायेब, याच्या समोर नाही नेता येत," ड्रायव्हर हळूच म्हणाला.

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. वाघीण उठली आणि ओल्या अंगाने बांबूत शिरली. मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या उन्हात तिचं ते पाणी सुटलं, याचा राग मला अजून येतो.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल वापरायला मनाई केली. तेव्हापासून "मग कॅमेरे कसे चालतात?" हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. फरक आहे, आणि तो मोठा आहे. लांब लेन्सवाल्याला वाघ लांबूनच हवा असतो. मोबाइलची लेन्स रुंद, त्यामुळे मोबाइलवाल्याला गाडी पुढे न्यावीशी वाटते. शिवाय फोन नुसता फोटो काढत नाही, तो निरोपही पोचवतो. एका ठिकाणी वाघ दिसला की पाच-दहा मिनिटांत सगळ्या गाड्या तिथेच. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांमध्ये अडकले, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गाईड आणि चालकांवर कारवाई झाली. झाली ते बरंच झालं, पण "पुढे घ्या" म्हणणारे मागच्या सीटवर बसलेले असतात, हेही बोललं पाहिजे.

म्हणून पर्यटकांवरच्या बंदीच्या मी पूर्ण बाजूने आहे. फोनशिवाय तीन-चार तास काढणं एवढं अवघड नाही. घरी कुणी आजारी असेल, गाडी बंद पडली, ही काळजी खरी आहे. त्यासाठी प्रत्येक गाईडच्या हातात चालू स्थितीतला वॉकीटॉकी द्या.

पण या बंदीचं कौतुक करताना आपल्यातले काही जण "जंगलाजवळ टॉवरच नको" म्हणायला लागतात, तिथे माझा ठाम विरोध आहे. आमचा मुक्काम ज्या घरी होता, त्या घरच्या ताई रात्री जेवणं आटोपली की फोन घेऊन गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चालत जायच्या. रेंज तिथेच. मुलगी नागपूरला नर्सिंगला आहे, तिच्याशी बोलायला. एका सकाळी त्यांनी मला त्याच वाटेवरच्या धुळीत बिबट्याचे ठसे दाखवले, अगदी ताजे.

याच जिल्ह्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटे अंधारात निघतात, आणि त्यातल्या काही परत येत नाहीत. पलीकडच्या कंपार्टमेंटमध्ये, म्हणजे जंगलाच्या शेजारच्या भागात, वाघ फिरतोय हे कळवायला त्यांच्याजवळ फोन नको? वनरक्षकांची गस्तही आता मोबाइलमधल्या एम-स्ट्राइप्स अ‍ॅपवर नोंदवली जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. या माणसांचा फोन आणि आपला फोन एका तराजूत घालू नका.

जंगलाची शांतता आपल्याला सुट्टीपुरती हवी असते. त्या ताईंना वर्षभर तिथेच राहायचं आहे. पुढच्या वेळी गेटवर फोन ठेवायला सांगितलं की हुज्जत न घालता ठेवा. आणि बफरमधल्या गावांच्या ग्रामसभा रेंजसाठी ठराव करत असतील, तर पर्यावरणाच्या नावाने त्यांना अडवायला जाऊ नका.