आयोडीनची 3 मिनिटे

‘ऑपरेशनआधी तीन दिवस अँटिबायोटिक थेंब घातले की मोतीबिंदूनंतर जंतुसंसर्ग होत नाही’ हे मोतीबिंदूच्या ऑपरेशनवरच्या एका लेखातलं वाक्य पटलं नाही. खरा आधार 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाचा: ऑपरेशनआधी डोळ्यात घालून किमान 3 मिनिटे थांबायचं. अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतूही त्याने मरतात. मात्र भूल देणारी जेली आधी लावली तर तिचा थर बसतो आणि आयोडीन पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. घाईच्या शिबिरांत नेमकं हेच होण्याची भीती असते.

ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत सेफुरॉक्सिम हे अँटिबायोटिक 1 मिग्रॅ (0.1 मिलीत) दिल्याने संसर्ग सुमारे पाचपट घटल्याचं 2007च्या युरोपीय अभ्यासात दिसलं. आपल्याकडे त्याऐवजी बहुधा मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक वापरतात. पण एकाच दिवशी अनेक रुग्णांचे डोळे बिघडले, तर आधी डोळा धुण्याचं द्रावण आणि फेको मशीनच्या (मोतीबिंदू फोडून शोषून घेणाऱ्या यंत्राच्या) नळ्या तपासा. तिथला स्यूडोमोनास हा जंतू अनेकदा मॉक्सिफ्लॉक्सासिनला दाद देत नाही.

ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात दुखणं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं, तर थेंब वाढवत घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डोळ्याच्या आतला द्रव कल्चरला (जंतू ओळखण्याच्या तपासणीला) पाठवून व्हॅन्कोमायसिन 1 मिग्रॅ आणि सेफ्टाझिडिम 2.25 मिग्रॅ ही अँटिबायोटिक्स डोळ्याच्या आत टोचतात, वेगवेगळ्या सिरिंजमधून. एकत्र केली तर साका धरतो.