मृग ते दसरा, खण बंद

आमच्या बेडरूममधलं आरशाचं टेबल आजोबांनी १९६२ साली मालवणात करून घेतलं. अस्सल सागवान, चार खण, पितळी कड्या. आरशाचा पारा जागोजाग उडालाय, त्यामुळे त्यात बघून दाढी करायची तर अंदाजानेच करावी लागते. डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर ते चढवताना हमालांनी माझ्या आजोबांचा जो उद्धार केला, तेवढा त्यांच्या श्राद्धालाही कधी झाला नव्हता.

वर्षातले आठ महिने हे टेबल गुणी असतं. मृग लागला की फुगून बसतं. हे मी रागाने म्हणत नाही, ते खरोखरच फुगतं. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि रुंदीला वाढतं. लांबीला मात्र जवळजवळ अजिबात वाढत नाही. (या बाबतीत त्याचं आणि माझं सारखंच.) खणाच्या बाजूच्या फळ्या आडव्या बसवलेल्या असतात, म्हणजे फळीची रुंदी ती खणाची उंची. जुलै उजाडला की सहा इंचांचा खण दीड-दोन मिलिमीटर उंच होतो आणि वरच्या पट्टीला डोकं टेकवून उभा राहतो. आमचे मेस्त्री याला ‘अर्धा सूत’ म्हणतात. एवढ्या सुतावरून आमच्या घरात काय काय घडलं, ते सांगतो.

गेल्या जुलैत मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कागदपत्रं तपासायची तारीख आली. डोमिसाइल उजव्या बाजूच्या खालच्या खणात. प्रवेशाचा हंगाम आणि पावसाचा हंगाम एकाच वेळी ठेवणाऱ्या माणसाच्या घरी सगळं फर्निचर लोखंडी असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पहिला हिसका मारला. टेबल माझ्याकडे आलं, खण आला नाही. मग टेबलाला पाय लावून दुसरा हिसका मारला, तेव्हा डावी कडी हातात आली आणि मी कॉटवर गेलो.

“पडलास का?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं. आवाजात काळजी नव्हती, नुसती नोंद होती.

रुंद आणि आत आखूड असलेला खण एका बाजूने ओढला की तिरका होतो आणि आणखी घट्ट रुतून बसतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एकच कडी उरली होती, म्हणून मी इमानेइतबारे त्याच बाजूने ओढत राहिलो.

एव्हाना घरात वैद्यांची सभा भरली होती. शेजारचे काका म्हणाले, फटीत खोबरेल सोडा. सोडलं. तेल लाकडाने पिऊन टाकलं, वर चिकट राप उरला आणि त्यावर धूळ बसून खणाला बाहेर न येण्याचं आणखी एक कारण मिळालं. आई म्हणाली, साबण चोळ. पण चोळायला खण आधी बाहेर तर यायला हवा! मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यातला गोरा माणूस गाडीच्या गॅरेजमध्ये उभा राहून, एका बोटाने खण काढून, हसत हसत त्याला घासत होता. जो खण एका बोटाने निघतो त्याला घासायचं कशाला, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अखेर बायको हेअर ड्रायर घेऊन आली. वरचा खण कसाबसा निघाला होता. त्या पोकळीतून तिने खालच्या खणाच्या कडांवर वीस मिनिटं गरम हवा सोडली.

“अहो, आता ओढू नका. वरून हात घाला आणि मागच्या फळीला पुढे ढकला.”

ढकललं. खण म्हशीसारखा ओरडला आणि बाहेर आला. डोमिसाइलला खोबरेलाचा वास येत होता, पण तपासणाऱ्या बाईंनी फक्त शिक्का बघितला.

खरं तर इथे थांबायला हवं होतं. नाक्यावरचे आमचे मालवणी मेस्त्री कडी बसवायला आले, तेव्हा त्यांनी खण उलटा करून दाखवला. जिथे घासतो तिथे लाकूड चकाकतं. तेवढ्याच जागी काच पेपर मारायचा आणि वर मेणबत्ती फिरवायची, बस्स. मी विचारलं, रंधाच मारून टाकला तर? मेस्त्रींनी माझ्याकडे भलत्याच नजरेने बघितलं.

“पावसात रंधो मारूचो नाय,” ते म्हणाले. “दसरो होवंदे.”

दसऱ्याला अजून तीन महिने होते. माणसाच्या हाती नवा रंधा असेल, रविवार असेल आणि बाहेर पाऊस असेल, तर तीन महिने फार होतात. रंध्यातून सागवानाची पहिली वेलांटी सुटली, खोलीभर तो वास पसरला आणि मला वाटलं, आपण उगीच बँकेत नोकरी केली. अर्धं सूत काढायचं होतं, मी सढळ हाताने एक काढलं. मेणबत्ती चोळली. खण असा सरकायला लागला की आलेल्या-गेलेल्याला बेडरूममध्ये नेऊन दाखवत होतो. आई चार जणांसमोर म्हणाली, “हा लहानपणापासून हुशार.”

मग दिवाळी गेली, थंडी आली, हवा कोरडी झाली. लाकडाने प्यायलेलं पाणी सोडलं आणि खण आक्रसला. त्याच्या अंगचं अर्धं सूत आपलं आपण गेलं. माझं एक सूत आधीच गेलं होतं. फेब्रुवारीत तो खुळखुळायला लागला. आमची इमारत रेल्वे रुळांना लागून, आणि टेबल किंचित पुढे कललेलं. एप्रिलमध्ये एका रात्री सव्वाबाराची लोकल धडधडत गेली आणि अंधारात खण चार बोटं बाहेर आला. आपला आपण. पुढच्या लोकलला आणखी दोन बोटं.

“अहो,” बायको म्हणाली, “तुम्ही आहात ना इथेच?”

मेस्त्रींना बोलवावं लागलं. खणाखाली बोट घालून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, ते फार लागलं. “आता पट्टी मारूची लागतली,” एवढंच म्हणाले. सागाची पातळ पट्टी आणतो म्हणून गेलेत ते अजून आलेले नाहीत. तोवर खण जागेवर राहावा म्हणून फटीत डोमिसाइलच्या झेरॉक्सची चार पदरी घडी खोचलीय. मृगाच्या आदल्या दिवशी ती काढायची आहे. विसरायला नको म्हणून बायकोने चिठ्ठी लिहून त्याच खणात ठेवलीय.